टेरॅरियममधली झुरळं: कोकणातल्या पाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेरॅरियम म्हणजे आत माती-पानं घालून जीव पाळायची काचपेटी किंवा डबा. त्यात झुरळं पाळणाऱ्यांचे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. झुरळं पाळण्याबद्दल जे काही वाचायला मिळतं, ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. त्यात अर्धी पानं डबा गरम कसा ठेवावा यावर खर्ची पडतात. आपल्याकडे ऊब फुकट आहे. आपली झुरळं मरतात ती कोंडलेल्या ओलीने, मुंग्यांनी आणि फवारणीने. म्हणून उत्तरांत याच तिघांना जास्त जागा दिली आहे.

१. पाळायची झुरळं म्हणजे स्वयंपाकघरातली तीच का?

नाही. जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती आहेत आणि माणसाच्या घरात बस्तान बसवणाऱ्या जाती जेमतेम ३० भरतील. बाकीच्या रानात राहतात. पातेऱ्याखाली, कुजक्या ओंडक्यात, ओढ्याकाठच्या दगडांखाली राहून त्या पानं कुजवण्याचं काम करतात. टेरॅरियममध्ये ठेवतात त्या या रानातल्या जाती. मोरीतून येणाऱ्या झुरळाबद्दल प्रश्न ३ पाहा.

२. पहिल्यांदा पाळायला कोणती जात घ्यावी?

आमचं मत स्पष्ट आहे: सात ठिपक्यांचं झुरळ, म्हणजे थेरिया पेटिवेरियाना. ही दक्षिण भारतातली आपली जात. काळ्या अंगावर सात पांढरे ठिपके, लांबी साधारण अडीच सेंटीमीटर. अंगावर फवारा मारणाऱ्या सहा ठिपक्यांच्या भुंग्याची ही नक्कल असल्याचं मानलं जातं. प्रौढ झुरळं दिवसाउजेडीही फिरताना दिसतात, त्यामुळे डब्यात बघण्यासारखं काहीतरी असतं. पिल्लं मात्र मातीतच राहतात आणि मोठी व्हायला बरेच महिने घेतात. ज्याला धीर नाही त्याने ही जात घेऊ नये.

दुसरी लोकप्रिय जात मादागास्करचं फुसकारणारं झुरळ, ग्रोम्फाडोऱ्हिना पोर्टेन्टोसा. पाच ते साडेसात सेंटीमीटर लांब, बिनपंखी, शांत, दोन ते पाच वर्षं जगणारं. पण ते परदेशी आहे. जिवंत कीटक देशात आणायला २००३च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो. कुरिअरने बाहेरून मागवायच्या फंदात पडू नका. इथल्या कुणाकडून घेत असाल तर ती कुठून आली हे आधी विचारा.

रानातून आणायचं असेल तर अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलू नका, तो गुन्हा आहे. खाजगी जागेतून, मालकाला विचारून, चार-सहा झुरळं पुरेत.

३. घरातलं मोठं तपकिरी झुरळ पकडून ठेवलं तर चालेल का?

चालणार नाही. ते गटारातून आलेलं असतं, अंगावर रोगजंतू असू शकतात. शेजारच्या घरातलं औषध त्याने खाल्लेलं असू शकतं. शिवाय ते सुटलं तर तुमच्याच घरात वाढतं. रानातल्या जातींना कोरड्या फरशीच्या घरात सहसा तग धरता येत नाही.

४. डबा केवढा आणि कसा असावा?

मादागास्करच्या २० प्रौढांना ४५ × ३० × ३० सेंटीमीटरची काचपेटी. सात ठिपक्यांच्या २५-३० झुरळांना ३० × २० × २० चा पारदर्शक प्लास्टिक डबा पुरतो, कारण त्यांना उंचीपेक्षा मातीची खोली लागते.

कोकणात फक्त झाकणाला जाळी असून भागत नाही. समोरासमोरच्या दोन बाजूंना साधारण १० × ५ सेंटीमीटरच्या खिडक्या कापा. एक खाली, मातीच्या वर तीन-चार बोटं, आणि दुसरी वर. हवा खालून शिरते, वरून निघते. जाळी स्टेनलेस स्टीलचीच घ्या, भोक एक मिलिमीटरपेक्षा मोठं नको. साध्या लोखंडी जाळीला खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून भोकं पडतात आणि मच्छरदाणीचं कापड झुरळं कुरतडतात. जाळी मत्स्यपेटीच्या सिलिकॉनने चिकटवा आणि ४८ तास उघडी ठेवा. आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत आत झुरळ सोडायचं नाही.

मादागास्करचं झुरळ काचेवर सरळ चढतं. काठाखाली आतून ५-७ सेंटीमीटर रुंद पट्टीत पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. एप्रिल-मेमध्ये ती मऊ होऊन ओघळते आणि धूळ बसली की निरुपयोगी होते, म्हणून महिन्याला पुसून नवी लावा. सात ठिपक्यांच्या प्रौढांना पंख असतात, ती फडफडत थोडं अंतर जातात. त्यांना जेली नव्हे, घट्ट झाकण हवं.

आत उभी राहतील अशी सालपटं, करवंट्यांचे तुकडे, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवा. जांभ्याचा दगड सुंदर दिसतो, पण घसरून खाली झुरळ चिरडतं. ठेवायचाच तर आधी तळाला टेकवा आणि मग भोवती माती भरा.

५. खाली माती कोणती घालायची?

सात ठिपक्यांसाठी: दोन भाग धुतलेला काथ्याचा भुसा, एक भाग कुजलेली पानं चुरून, एक भाग बारीक माती. थर ८ ते १० सेंटीमीटर. यात पिल्लं बिळं करतात आणि हीच पानं खातात, म्हणजे ही माती त्यांचं घरही आहे आणि ताटही. अर्धी बाजू ओलसर, अर्धी कोरडी ठेवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये, एवढीच ओल.

मादागास्करला ३ सेंटीमीटर कोरडा भुसा पुरतो.

भुसा धुण्याचं कारण मीठ. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजत घालतात, त्यामुळे काथ्यात खार उतरलेला असतो. बादलीत भिजवा, पिळा, पाणी टाका. निथळणारं पाणी जवळपास नितळ दिसेपर्यंत तीन-चार वेळा. परसातली माती आणि पानं उकळत्या पाण्यातून काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. नाहीतर घोण आत येते आणि आठवड्यात पिल्लं संपवते. न उकळलेल्या मातीतून आणखी काय येतं, ते प्रश्न १८ मध्ये आहे.

६. आमच्या आंब्याच्या बागेतला पातेरा घातला तर?

फवारणी होणाऱ्या हापूसच्या बागेतला अजिबात नको. तुडतुड्यांसाठी पालवी-मोहोरापासून सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड अशी औषधं मारली जातात. ती कीटकांच्या चेतासंस्थेवर चालतात आणि झुरळ हाही कीटकच. पान धुऊन औषध पूर्ण जाईल यावर विसंबू नका. फवारलेल्या बागेच्या वाऱ्याच्या दिशेला असलेल्या झाडांचाही पातेरा टाळा.

चालणारी पानं: न फवारलेला रायवळ आंबा, फणस, पेरू, देशी बदाम. स्वतः गळलेली, तपकिरी झालेली घ्यावीत. कण्हेर विषारी. निलगिरी उग्र. कडुलिंब तर मुळीच नाही. त्यातल्या अझॅडिरॅक्टिनमुळे कीटकांची कात टाकण्याची क्रिया बिघडते. वरवर सगळं ठीक दिसतं आणि पिल्लं पुढच्या कातेतच अडकून मरतात. “किडे होऊ नयेत म्हणून चार कडुलिंबाची पानं टाकली,” असं कळवणारे बरेच जण असतात. तांदळाच्या डब्याला योग्य असलेला उपाय इथे विष आहे.

७. पावसाळ्यात डब्यात बुरशी येते, झुरळं मरतात. काय करू?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच.

किनाऱ्यावर जुलैत खोलीतच आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या वर असते. मादागास्करच्या झुरळाला ६०-७० टक्के पुरतात. खोलीच्या हवेपेक्षा डबा कोरडा होणार नाही हे आधी मान्य करा. आपल्या हातात आहे ते आतलं पाणी कमी ठेवणं आणि हवा हलती ठेवणं.

पाणी शिंपडणं जूनच्या पहिल्या आठवड्यात बंद. सात ठिपक्यांच्या डब्यातही फक्त ओल्या बाजूचा कोपरा दहा-बारा दिवसांनी चमचा-दोन चमचे पाण्याने भिजवा, तेही वरचा थर कोरडा वाटला तर. मादागास्करचा पाण्याचा वाडगा काढून टाका, गाजर-भोपळ्यातून पाणी मिळतं. ओलं खाणं रात्री ठेवून सकाळी उचला. पुठ्ठ्याचे ट्रे ओल धरून मऊ पडतात आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते, म्हणून पंधरा दिवसांनी बदला. तरीही काचेच्या आतून रोज सकाळी पाणी धरत असेल तर संगणकाचा छोटा पाच व्होल्टचा पंखा वरच्या जाळीबाहेर, हवा बाहेर ओढेल असा लावा आणि दिवसातून दोन तास चालवा. सात ठिपक्यांना दिवसभर पंखा नको, पिल्लांची माती सुकते.

लाकडावर किंवा विष्ठेवर थोडी पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका. कुजक्या पानांखाली सापडणारे टिचकीभर उड्या मारणारे पांढरे स्प्रिंगटेल आत सोडले की ते ती खाऊन टाकतात. हिरवी-काळी बुरशी आणि आंबट वास मात्र माती सडल्याची खूण आहे. तो भाग वरचेवर ढवळू नका, पूर्ण काढा.

आगोटीची कामं चालू असतात तेव्हाच पातेराही भरून ठेवा. मेच्या उन्हात वाळवलेली पानं १५ लिटरच्या हवाबंद पत्र्याच्या डब्यात दाबून भरली की दोन टेरॅरियमना गणपती-नवरात्रापर्यंत पुरतात. जुलैत रानात मिळणारं पान ओलं, बुरशी धरलेलं आणि माइटने (कोळ्याच्या जातकुळीतल्या बारीक किड्यांनी) भरलेलं असतं.

८. हीटर लागतो का? उन्हाळ्यात काय?

हीटर नाही. २५ ते ३२ अंश त्यांना मानवतं, किनाऱ्यावर ते वर्षभर जवळपास आपोआप मिळतं. थंडीत पहाटे पारा उतरला तर खाणं आणि वाढ मंदावते, एवढंच.

मे महिन्यात डबा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. तिथे चाळिशी ओलांडते आणि एका दुपारीत सगळा डबा संपतो. खिडकीतलं थेट ऊन काचेतून जातं तेव्हाही हेच होतं. पडवीत पावसाची झड येते. माजघरातला जमिनीपासून हातभर वरचा कोपरा उत्तम.

९. खायला काय? सुकट चालते का?

गाजर, लाल भोपळा, रताळं, केळं, पपई, पिकलेला फणस. फळ धुऊन द्या, आंब्याची साल शक्यतो नको (कारण प्रश्न ६). सोबत कोरडं: माशांचं दाणेदार खाद्य किंवा कुत्र्याचं खाद्य कुटून. मादागास्करच्या २० प्रौढांना एका वेळी बोटाएवढा गाजराचा तुकडा आणि आठवड्याला एक चमचा कोरडं, यापेक्षा जास्त उरतं आणि कुजतं.

खारवलेली सुकी मासळी नको. बिनमिठाचा सुका जवळा असेल तर चिमूटभर, पंधरा दिवसांनी. झुरळाच्या चरबीत ब्लॅटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू राहतात. शरीरात साठवलेल्या युरिक आम्लातला नत्र ते पुन्हा वापरात आणतात. त्यामुळे झुरळाचं कमी प्रथिनांवर भागतं. रोज मासळी घातली तर युरिक आम्ल साचत जातं.

पाण्याचा वाडगा ठेवाल तर खड्यांनी भरलेला ठेवा. पिल्लं अर्ध्या सेंटीमीटर पाण्यातही बुडतात.

१०. मुंग्या आत शिरतात. खडू ओढू का?

मुंग्यांचा खडू म्हणजे कीटकनाशकच, डब्याजवळ नको. जुन्या घरांतून दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तोच उपाय. टेबलाच्या चारही पायांखाली वाट्या, टेबल भिंतीपासून चार बोटं दूर, वरून पडदा किंवा वायर टेकलेली नको. वाटीतल्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, मुंगी तरंगत नाही. पाणी दर आठवड्याला ओतून वाटी घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच होतील.

मुंग्या आत शिरल्याच असतील तर आधी कात टाकणाऱ्या झुरळांना वेगळं काढा. मऊ अंगाची तीच पहिली बळी पडतात.

११. मच्छर अगरबत्ती, लिक्विड, धूप यांनी काही होतं का? गणपतीआधी घरात पेस्ट कंट्रोल आहे.

कॉइल, मच्छर अगरबत्ती आणि प्लगला लावायचं लिक्विड यांत डासांसाठीचं औषध असतं आणि ते झुरळांनाही लागतं. ज्या खोलीत डबा आहे तिथे यातलं काहीच नको, मच्छरदाणी वापरा. देवघरातला साधा धूप चालतो, पण धूर डब्यात कोंडू देऊ नका.

पेस्ट कंट्रोल असेल तर डबा घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या घरी न्या. औषध मारल्यावर खिडक्या उघड्या ठेवून तीन दिवस जाऊ द्या, टेबल साबणाच्या पाण्याने पुसा, मगच डबा परत. जेलच्या ठिपक्यांची पद्धत फवारणीपेक्षा बरी, पण ठिपके डब्याच्या टेबलाला लावायचे नाहीत. गावात धुरळणीची गाडी आली तर तेवढा वेळ डब्यावर ओला टॉवेल टाकून खिडक्या लावा, गाडी गेल्यावर टॉवेल लगेच काढा.

विषबाधेची लक्षणं: पाय थरथरणं, तोल जाणं, उताणं पडून सरळ होता न येणं. उतारा नाही. कोऱ्या कागदावर, नव्या डब्यात, मोकळ्या हवेत ठेवा. थोडीशीच बाधा असेल तर काही वाचतात.

१२. एक झुरळ पूर्ण पांढरं झालंय. आजारी आहे की अल्बिनो?

दोन्ही नाही, नुकतीच कात टाकली आहे. पाठीवर मधोमध चीर पडते, त्यातून ते पुढे सरकत बाहेर येतं. डोळे काळे, बाकी अंग दुधी, मिश्या आणि पायांचे काटेसुद्धा पारदर्शक. काही तासांत रंग चढतो आणि कवच घट्ट होतं. तोवर हात लावू नका, बोटाच्या दाबानेही अंग कायमचं वाकडं होतं. टाकलेली कात ते स्वतःच खातं, काढून घेऊ नका.

कात पायाला किंवा शेवटाला अडकून राहत असेल तर हवा फार कोरडी आहे. कोकणात हे सहसा पंखा सतत चालू ठेवणाऱ्यांकडे किंवा एसीच्या खोलीत होतं. ओढून काढू नका, ओलसर शेवाळावर ठेवा. निरोगी झुरळांची कात वारंवार अडकत असेल तर प्रश्न ६ मधला कडुलिंब तपासा.

१३. नर-मादी कसं ओळखायचं? आणि फुसकारतं कशाने?

मादागास्करच्या नराच्या छातीच्या ढालीवर दोन ठळक उंचवटे असतात, मिश्या जाड आणि लवदार. मादीचे उंचवटे चपटे. आवाज तोंडातून येत नाही. पोटाच्या चौथ्या खंडावरच्या श्वासछिद्रांतून हवा जोरात बाहेर टाकली जाते. धोका वाटला तर नर-मादी दोघंही फुसकारतात. मारामारीत आणि मादीला रिझवताना फक्त नर. एका डब्यात नर जास्त झाले तर ढकलाढकलीत मिश्या तुटतात. पाच माद्यांमागे दोन नर पुरे.

१४. झुरळाच्या अंगावर बारीक किडे फिरतात. औषध कोणतं?

आधी ओळखा. मादागास्करच्या झुरळाच्या पायांच्या बुंध्याशी धावणारे फिकट माइट त्याचे कायमचे सोबती आहेत. ते झुरळाला इजा करत नाहीत, त्यांना राहू द्या. मात्र काचेवर, खाण्यावर पिठासारखी हलणारी भुकटी दिसली तर ते धान्यातले माइट. त्यांचा अर्थ एकच: ओल आणि उरलेलं खाणं जास्त. औषध नाही. कोरडं खाणं दोन आठवडे बंद, माती बदला, डबा गरम पाण्याने धुऊन उन्हात ठेवा.

१५. एकटीच मादी आणली होती, नर नव्हता. तरी पिल्लं झाली. कसं?

ती आधीच फळलेली होती. मादागास्करची मादी अंड्यांची कुपी पोटातच सांभाळते आणि साधारण दोन महिन्यांनी जिवंत पिल्लं देते, एका वेळी २०-४०. कधी कधी पोटाच्या टोकातून पिवळट कुपी बाहेर आलेली दिसते. बरेचदा ती परत आत जाते, हात लावू नका. गळून पडली तर ती वाया.

सात ठिपक्यांची मादी कुपी मातीत टाकते. ती लहान, तपकिरी, एका कडेला करवतीसारखे दाते असलेली असते. म्हणूनच या जातीची माती कधीही एकदम बदलायची नाही. एक तृतीयांश काढा, चाळणीवर पसरून कुप्या वेचा, परत डब्यात ठेवा.

१६. मुलांनी हातात घेतलं तर चालेल? घरात दम्याचा रुग्ण आहे.

दमा असेल तर पाळू नका. झुरळांच्या विष्ठेतली आणि कातेतली भुकटी हे ओळखीचं ॲलर्जीचं कारण आहे, जात कोणतीही असो. इतरांनी साफसफाई बाहेर, मास्क लावून करावी. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

मुलाने उघडा तळहात पुढे ठेवावा, मागून हळूच ढकलून झुरळाला स्वतः चढू द्यावं. पायांच्या नख्या कापडात अडकतात. ओढलं तर पाय तुटतो. जमिनीजवळ बसूनच हाताळा.

१७. संख्या फार झाली. बागेत सोडू का?

नाही. परदेशी जात असेल तर कधीच नाही. कोकणची हवा तिला मानवणारी आहे, हाच धोका. आपली सात ठिपक्यांची असली तरी जिथून आणली त्याच जागी सोडता येत असेल तरच विचार करा, आणि डब्यात परदेशी जातींबरोबर राहिलेली असेल तर तेही नको. ओळखीच्या पाळणाऱ्याला द्या किंवा नर-मादी वेगळे ठेवा. नाइलाजाने मारायचीच असतील तर झाकणबंद डब्यात घालून ४८ तास फ्रीजरमध्ये ठेवा. जुनी मातीही कंपोस्टात टाकण्याआधी याच पद्धतीने किंवा उकळतं पाणी ओतून निकामी करा.

१८. मी न आणलेली झुरळं डब्यात दिसतात. ही कुठून आली?

बहुतेक सुरिनाम झुरळ, न उकळलेल्या परसातल्या मातीतून किंवा कुंडीतून. प्रौढ सुमारे दोन सेंटीमीटर, तपकिरी पंखांचं, काळ्या ढालीच्या पुढच्या काठाला फिकट रेघ. पिल्लांचा पुढचा भाग चकचकीत काळा, शेपटीकडचा निस्तेज. ही जात नराशिवाय वाढते, त्यामुळे एक पिल्लू राहिलं तरी पुन्हा डबा भरतो. ती तुमच्या पिल्लांचं खाणं संपवते आणि बाहेर कुंड्यांतली मुळं कुरतडते. तुमची झुरळं एकेक करून, कुप्या वेचून, नव्या उकळलेल्या मातीत हलवा. जुनी माती प्रश्न १७ प्रमाणे निकामी करा. महिनाभर नव्या डब्यात रोज रात्री टॉर्च लावून बघा.

१९. वादळात चार-पाच दिवस लाइट नसते, किंवा आम्ही मुंबईला जातो. तेव्हा?

जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. झुरळांना विजेची गरज नाही, पंखा बंद राहिला तर वरची जाळी मोकळी ठेवून डब्यावरचं कापड काढा. दहा-बारा दिवस बाहेर जाणार असाल तर कोरडं खाणं एक चमचा, गाजराचे दोन मोठे अख्खे तुकडे, बस. चिरलेलं फळ ठेवून जाऊ नका. निघण्याआधी पायांखालच्या वाट्या काठोकाठ भरा, आणि शेजाऱ्यांना फक्त त्या वाट्यांत पाणी बघायला सांगा. खाणं घालायला सांगू नका, मायेने लोक फार घालतात.